थारचे टायर आणि अंगठ्याएवढी उंची

आंब्याचा हंगाम संपला की आमच्या पडवीतला इलेक्ट्रॉनिक काटा पुढचे आठ-नऊ महिने प्लास्टिकखाली झाकलेला असतो. यंदा जूनमध्ये मी तो पुन्हा उघडला आणि त्यावर थारचं चाक ठेवलं. जुनं चाक, टायर आणि रिम मिळून, ४० किलो ६०० ग्रॅम भरलं. मग त्याच दिवशी आणलेलं नवं चाक चढवलं. २९ किलो २०० ग्रॅम. आई पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "म्हणजे चाकामागे अर्धा क्रेट उतरला की गं."

आमचा भरलेला क्रेट साधारण २२ किलोचा असतो, त्यामुळे तिचा अंदाज अगदी बरोबर होता. चार चाकांचे मिळून ४५ किलो ६०० ग्रॅम कमी झाले. आणि हे वजन सामानासारखं गाडीत नुसतं बसून राहणारं नाही. इंजिनाला ते फिरवावं लागतं, ब्रेकला थांबवावं लागतं आणि प्रत्येक खड्ड्यात ते वर-खाली आपटतं.

गाडीवरचे मोठे टायर काढून लहान घातले, हे ऐकून ओळखीतले बरेच जण चकित झाले. लोक सहसा याच्या उलट करतात. गाडी घेतली की पहिल्या महिन्यात मोठे टायर. पुण्याच्या माझ्या चुलतभावाने तर फोन करून विचारलं, "ताई, पैसे कमी पडले का?" पैशांचा प्रश्न नव्हता. दीड वर्ष मोठे टायर वापरून, मोजून, वहीत टिपून घेतलेला निर्णय आहे. ज्यांची गाडी रोज कामालाही जाते आणि आठवड्यातून दोनदा चिखलात किंवा कातळावरही चढते, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहिते.

गाडी २०२१ ची थार, डिझेल, मॅन्युअल, हार्डटॉप, एलएक्स म्हणजे वरचं मॉडेल. मी ती २०२३ च्या दिवाळीत सेकंड-हँड घेतली. आधीच्या मालकाने हौसेने बरंच काही केलेलं होतं. कंपनीचे १८ इंची मॅगव्हील (अलॉय रिम) काढून १६ इंची बाहेरचे मॅगव्हील, त्यावर २८५/७५ आर १६ मापाचे मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे टायर, आणि गाडी दोन इंच वर उचलणारी लिफ्ट किट. दिसायला गाडी फार सुंदर दिसायची, हे मी आजही म्हणेन. लांज्याच्या बाजारात पोरं थांबून फोटो काढायची.

माझं घर लांज्याला, नोकरी रत्नागिरीत. रोज आंजणारी घाट उतरायचा, पाली, मग हातखंबा तिठा आणि रत्नागिरी. जाऊन-येऊन ८० किलोमीटर, आठवड्यातले सहा दिवस. बाबांच्या मागे बाग माझ्याकडे आली. ती घरापासून १४ किलोमीटरवर आहे, आणि त्यातले शेवटचे अडीच किलोमीटर कच्चे. जांभ्याचा कातळ, लाल माती, दोन पऱ्हे म्हणजे ओढे, आणि एक वळणाचा चढ. आठवड्यातून दोन फेऱ्या होतात. माझा पेशाच हिशोबाचा, म्हणून पहिल्यांदा हेच मांडलं: आठवड्याचे ५३६ किलोमीटर, त्यातले कच्चे १०.

हा आकडा बघून कोणी म्हणेल, मग साधी गाडीच घ्यायची. पण ते १० किलोमीटर टळत नाहीत. डिसेंबरपासून मोहोराच्या फवारण्या सुरू होतात. १५ जुलै ते १५ ऑगस्ट या महिन्यात झाडांना कल्टार, म्हणजे मोहोरासाठीचं औषध, घालावं लागतं, आणि रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस नेमका त्याच दिवसांत भरात असतो. कल्टार, पंप, पेट्रोलचे कॅन, माणसं, सगळं वर न्यायचं. त्यामुळे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी, हवीच. प्रश्न एवढाच होता की त्या १० किलोमीटरसाठी उरलेल्या ५२६ किलोमीटरमध्ये किती आणि काय सोसायचं.

आधी आकड्यांचं थोडं सांगते, कारण टायरच्या दुकानात ९० टक्के गोंधळ इथेच होतो. टायरवर २५५/६५ आर १८ लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टायरच्या बाजूची, म्हणजे गालाची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. २५५ चे ६५ टक्के म्हणजे १६६ मिलिमीटर. तिसरा आकडा रिमचा, इंचात. १८ इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर. चाकाची पूर्ण उंची काढायची तर रिम अधिक दोन गाल, म्हणजे ७८९ मिलिमीटर. हे एलएक्सचं मूळ माप.

माझ्या गाडीवर होते ते २८५/७५ आर १६. तोच हिशोब केला की येतात ८३४ मिलिमीटर. यालाच दुकानात '३३ इंची' म्हणतात. खालच्या मॉडेलला कंपनी देत होती ते २४५/७५ आर १६, म्हणजे ७७४ मिलिमीटर. हे सगळे कागदावरचे आकडे, गाडीच्या वजनाखाली टायर थोडा दबतो. पण तुलना करायला पुरतात.

आता मूळ ७८९ वरून ८३४ वर गेलं तर जमिनीपासून उंची किती वाढते? ४५ नाही. चाकाचा मध्य वर जातो तो फरकाच्या निम्मा, म्हणजे साडेबावीस मिलिमीटर. टायरवाल्या काकांच्या दुकानात मी पट्टी घेऊन मोजलं. माझ्या अंगठ्याची रुंदी जवळपास तेवढीच आहे. एवढं मोठं चाक, एवढं वजन, आणि हातात येते ती अंगठ्याएवढी उंची.

"पण लिफ्ट किटने दोन इंच वाढतात ना," असं चुलतभाऊ म्हणाला. वाढतात, पण कुठे? थारला मागे दोन चाकांना जोडणारा अखंड ॲक्सल आहे, आणि त्याच्या मधोमध डिफरन्शिअलचा, म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरांचा गोळा. लिफ्ट किट स्प्रिंगच्या जागी उंची देते, म्हणजे बॉडी आणि चॅसिस वर जातात. ॲक्सल मात्र चाकांना जोडलेलाच असतो, तो जागचा हलत नाही. गोळा वर उचलायचा तर चाकच मोठं हवं. आणि आमच्या वाटेवर घासायचा तो गोळाच. दोन चाकोऱ्यांच्या मधे गवताचा जो उंचवटा राहतो, त्यात लपलेला जांभ्याचा दगड. लिफ्ट किटने तिथे काडीचा फरक पडत नव्हता. उलट आईला गाडीत चढताना स्टूल लागायचं. तिचे गुडघे दुखतात. दीड वर्ष मी मागच्या सीटमागे एक प्लास्टिकचं स्टूल ठेवून हिंडले. दवाखान्यासमोर भर पावसात ते काढायचं, तिला चढवायचं, ओलं स्टूल परत आत टाकायचं. टायरच्या चर्चेत हे कुणी धरत नाही, पण रोजच्या गाडीच्या बाबतीत मी ते सगळ्यात आधी धरेन.

मोठ्या टायरांनी मला काय काय दाखवलं ते सांगते.

स्टेअरिंग जड झालं होतं, ते अंगवळणी पडलं. आवाज पडला नाही. मड-टेरेनची मोठी बटणं, म्हणजे नक्षीचे उठावाचे ठोकळे, काँक्रीटवर ६० च्या पुढे एकसारखी घोंघावतात. ऑफिसात पोचल्यावर पहिली दहा मिनिटं कानात तो आवाज राहायचा. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासायचा, बागेच्या वळणावर तर हमखास. मॅगव्हील बाहेर काढून बसवलेले असल्यामुळे टायर बॉडीच्या रेषेबाहेर यायचे, आणि चिखल थेट दारांवर आणि आरशांवर उडायचा. घाटात गाडी तिसऱ्यात ओढायची तिथे दुसरा टाकावा लागायचा. चाक मोठं झालं की सगळे गिअर आपोआप लांब होतात, माझ्या बाबतीत पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. चढावर हे पिकअपमध्ये जाणवतं, पण मला त्याची खरी भीती वाटली ती उतारावर. फोर-लोमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या सगळ्यात संथ आणि जोरदार गिअरात, पहिल्या गिअरवर गाडी जशी इंजिनच्या जोरावर धरून उतरते, तशी ती आता उतरत नव्हती. ओल्या लाल मातीवर ब्रेकला पाय लावावा लागला की चाक सरकलंच.

मायलेजबद्दल मात्र न्यायाने बोलायला हवं. मीटरच्या किलोमीटरवर १०.२ पडत होतं. पण चाक मोठं असेल तर मीटर कमी किलोमीटर मोजतं, म्हणून तो आकडा दुरुस्त केला तर १०.८ येतो. तरी कमीच, पण लोक सांगतात तेवढा हाहाकार नाही. स्पीडोमीटरचंही तसंच. नव्या गाड्यांचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो, ती मुद्दाम ठेवलेली मोकळीक असते. माझ्या गाडीत काटा ८० वर असताना फोनचं जीपीएस ८२ दाखवायचं. म्हणजे ती मोकळीक टायरने खाऊन वर दोन घेतले होते.

गेल्या वर्षी जुलैत, आंजणारी घाटात, सकाळी साडेआठला, पाऊस असा की वायपर पुरत नव्हते. समोरच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला. माझा वेग पन्नासच्या आतच होता, अंतरही ठेवलेलं होतं. ब्रेक दाबला, एबीएसची थरथर पायाखाली लागली, आणि गाडी पुढे जातच राहिली. मी डावीकडे काढली, साइडपट्टीच्या गवतात चाकं गेली तेव्हा कुठे थांबली. टेम्पोचा मागचा फाळका माझ्या आरशाच्या शेजारी होता. आई सोबत होती. ती काही बोलली नाही, फक्त माझा दंड धरून बसली.

त्या दिवशी संध्याकाळी मी टायरकडे नीट बघितलं. बटणं अर्ध्याहून अधिक शिल्लक, म्हणजे टायर गोटा झाले होते असंही नाही. बटणांच्या मधे बोट जाईल एवढ्या रुंद खाचा. त्या पाणी काढतात, चिखलही काढतात. पण ओल्या काँक्रीटला धरून ठेवायला बटणांच्या पाठीवर ज्या बारीक बारीक चिरा लागतात, त्या जवळपास नव्हत्याच. बटणांचं रबरही टणक. शिवाय रस्त्याला प्रत्यक्ष टेकणारं रबर कमी, कारण निम्मी जागा खाचांनी खाल्लेली. दगडावर आणि चिखलात उपयोगी पडणारी प्रत्येक गोष्ट ओल्या रस्त्यावर अंतर वाढवत होती. त्यावर चाकाचं जादा वजन, तेही थांबवायचं. कच्च्या वाटेवर फसलं तर मी चालत घरी येऊ शकते. घाटात तसं नाही. निर्णय तिथेच झाला होता, पैसे जमायला आणि मन वळायला वर्ष गेलं.

मन वळवलं ते मार्चमधल्या एका पंक्चरने. फवारणी आटपून संध्याकाळी खाली येत होते, चढाच्या तोंडाशी मागच्या डाव्या चाकाचा गाल जांभ्याच्या कडेने फाटला. स्टेपनी काढायला गेले आणि तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं: २५५/६५ आर १८. आधीच्या मालकाने चार टायर बदलले होते, स्टेपनी मूळचीच ठेवली होती. घेताना मी ती तपासली नाही. मागच्या दाराला चाक लटकलेलं दिसलं, त्यात हवा होती, एवढं बघितलं होतं. चाकाच्या उंचीत ४५ मिलिमीटरचा फरक, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात १४१ मिलिमीटरचा. असं चाक मागे लावून चाललं तर डिफरन्शिअलमधले गिअर सरळ रस्त्यावरही अखंड फिरत राहतात. फोर बाय फोर टाकलं तर पुढचं-मागचं जुळत नाही आणि सगळा ताण गिअरांवर येतो.

गेटपाशी रेंज येते. तिथून टायरवाल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, ती मागे लावू नका. पुढचं एक चाक काढून मागे लावा, आणि लहान चाक पुढे. गाडी टू-हायमध्येच ठेवा, लिव्हरला हात लावू नका." टू-हायमध्ये पुढच्या चाकांना इंजिनचा जोर नसतो, म्हणून फरक तिथे खपतो. एका पंक्चरसाठी दोन चाकं उतरवायची आली. बागेतला राखणदार आणि मी, दोघांनी मिळून ते चाळीस किलोचं चाक उचलून बोल्टांवर धरलं. तीनदा निसटलं. अंधार पडला होता, मी फोनची बॅटरी दातांत धरली होती. एकटी असते तर ते चाक मला चढवताच आलं नसतं, हे तेव्हा स्वच्छ कळलं. मग एप्रिल-मे आंब्यात गेला, आणि जूनमध्ये काकांकडे जाऊन बसले.

काकांनी तीन मापं सुचवली होती.

पहिलं, परत मूळ २५५/६५ आर १८. सरळ आणि सोपं. पण गाल १६६ मिलिमीटरचाच. कच्च्या वाटेवर हवा कमी केली की टायर पसरायला जागा कमी मिळते, आणि दगडावर आपटलं तर रिम वाकायची भीती जास्त.

दुसरं, २६५/७५ आर १६, उंची ८०४. चुलतभावाचा याच्यावर जीव आहे, आणि माप खरंच चांगलं आहे. ज्याला पाण्यातून, मोठ्या दगडांतून जायचं असतं, रोजचा प्रवास थोडा असतो, त्याने हे घ्यावं. माझ्या मते रोजच्या गाडीने याच्यापेक्षा मोठ्या मापावर जाऊच नये. पण मूळ मापापेक्षा उंची वाढणार ती साडेसात मिलिमीटर. एवढ्यासाठी रुंदी, वजन वाढवायचं आणि कंपनीने या मॉडेलला न दिलेलं माप घालायचं, हे मला पटेना. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं आहे. अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर पट्टी घेऊन उभा राहिला, तर तिथे वाद घालायची माझी तयारी नाही.

तिसरं, २४५/७५ आर १६. खालच्या मॉडेलचं कंपनीचंच माप. उंची ७७४, म्हणजे मूळ १८ इंचीपेक्षाही १५ ने कमी, जमिनीपासून साडेसात मिलिमीटर खाली. पण गाल १८४ मिलिमीटर. एकूण चाक लहान, आणि तरी रबराची उशी १८ मिलिमीटर जास्त. शिवाय रुंदीला सगळ्यात अरुंद. मी हेच घेतलं, ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या नक्षीचे, पाच. लिफ्ट किट काढून मूळ स्प्रिंग बसवले. रिम स्टीलच्या, कुणी तरी हौसेने मॅगव्हील घालताना काढून ठेवलेल्या, काकांनीच शोधून दिल्या. एक रिम आधी नुसती बसवून, हाताने फिरवून, ब्रेकला कुठे लागत नाही ना ते बघितलं. स्टीलच्या रिमची कड वाकली तर गॅरेजमध्ये ठोकून सरळ करता येते, मॅगव्हीलला चीर गेली की संपलं. दिसायला त्या साध्या आहेत. काळ्या.

अरुंद टायर मुद्दाम घेतला, त्याचं कारण आमची माती. वर निसरडा लाल चिखल असतो चार-सहा बोटं, आणि खाली कडक कातळ. अरुंद टायर तो चिखल कापून खाली कातळाला टेकतो. रुंद टायर चिखलावर तरंगायला बघतो. जिथे खाली तळच नाही, उदाहरणार्थ वाळूत, तिथे हिशोब उलटा होतो आणि रुंदीच उपयोगी पडते. त्यामुळे राजस्थानात कुणी रुंद टायर घालतं म्हणून आपण घालायचे, याला अर्थ नाही. आपल्या वाटेवर फावडं घालून खाली काय लागतं ते आधी बघावं.

घेताना दोन गोष्टींवर मी अडून बसले. एक म्हणजे टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मला आधी दुसऱ्या एका दुकानात स्वस्तात देऊ केलेले टायर चार वर्षांपूर्वीचे निघाले. तिथून उठून आले. दुसरं म्हणजे वजनाचा निर्देशांक. कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी आकड्याचा टायर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. १११ असेल तर एक टायर १०९० किलो पेलतो, ११२ असेल तर ११२० किलो.

पकड मिळवायचं उरलेलं काम हवा करते. रस्त्यावर मी ३२ पीएसआय ठेवते. पावसात बागेच्या फाट्याला थांबून २० वर आणते. हवा कमी केली की टायर रुंद होतो असं वाटतं, पण जमिनीला टेकणारा भाग खरं तर लांबीला जास्त वाढतो, पुढे-मागे. खडूने खूण करून मी पडवीतल्या लादीवर बघितलं आहे. उन्हाळ्यात, कोरड्या कातळावर, २५ च्या खाली जात नाही. हवा कमी असली की गाल बाहेर फुगतो आणि जांभ्याची ताजी कड त्याच गालाला फाडते. नक्षीवरचं पंक्चर वाटेत काढता येतं, फाटलेला गाल नाही. म्हणून दगड दिसला की चाक त्याच्यावर घालायचं, शेजारून घासून न्यायचं नाही. मार्चमध्ये मी नेमकी तीच चूक केली होती. कमी हवेत वेग २० च्या आत, आणि डांबर लागलं की थांबून हवा भरायची. बॅटरीवरचा छोटा कंप्रेसर एका चाकाला चार-पाच मिनिटं घेतो. या वीस मिनिटांचा कंटाळा असेल त्याने मापाच्या चर्चेत पडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कातळाचा विषय निघालाच आहे तर एक. राजापूर, लांजा, रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या पठारांवर, कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीतही गेली. मोकळा सडा दिसला की गाडी घालायचा मोह होतो. पावसाळ्यानंतर गवतात ती रेघ दिसतसुद्धा नाही. मळलेली वाट सोडून कृपा करून कुणी जाऊ नका.

आता गमावलं काय, तेही सांगायला हवं. जुन्या टायरांच्या मानाने गोळा ३० मिलिमीटर खाली आला. भाताच्या खाचरासारख्या खोल, चिकट चिखलात ऑल-टेरेनच्या खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होऊन जागेवर फिरतो. मड-टेरेन तिथे फिरता फिरता चिखल झटकून टाकतो. यंदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस कोसळला, तेव्हा दुसऱ्या पऱ्ह्यापाशी गाडी ठेवून आम्ही शेवटचे सहाशे मीटर डोक्यावर पंप घेऊन चालत गेलो. मोठे टायर असते तर गाडी कदाचित वर गेली असती. वर्षातले असे तीन-चार दिवस मी चालायला तयार आहे.

आणि ते ३० मिलिमीटर? त्यासाठी मी मे महिन्यात दोन गडी लावले. टिकाव, पहार, फावडी. चढावरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा खणून काढला, जिथे दरवर्षी गोळा घासायचा तो दगड पहारीने उलथला, आणि चाकोऱ्यांत चिऱ्याच्या खाणीवरचे तुकडे भरले. दीड दिवसाची मजुरी आणि एक ब्रास तुकडा. त्या वाटेवर आता गोळ्याखाली जो मोकळा हात मिळतो, तो कुठल्याही टायरने दिला नसता. तुमची कच्ची वाट दर वेळी नवी असेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. पण माझ्यासारखे खूप जण वर्षानुवर्षं त्याच अडीच किलोमीटरवरून जातात, आणि वाटेला हात न लावता टायर मोठे करत राहतात.

तीन महिन्यांत साडेसहा हजार किलोमीटर झाले. मायलेज दुरुस्त करून १२.६. काटा ८० वर असताना फोन ७६ दाखवतो. घाटात तिसरा परत मिळाला. फोर-लोमध्ये गाडी धरून उतरते, चढाच्या टोकावरून खाली येताना मी ब्रेकवरून पाय काढून घेऊ शकते. ओल्या काँक्रीटवर मी पाली आणि हातखंब्याच्या मधे, मागे कुणी नाही बघून, पन्नासवरून मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघितला. सरळ रेषेत थांबली. हात थोडे थरथरत होते, पण गाडी थांबली.

स्टूल आता पडवीत असतं. गणपतीत आई तिची पिशवी घेऊन आली, दाराच्या वरचा दांडा धरला, पाय टाकला आणि बसली. मग मला म्हणाली, "बघतेस काय, चल." 

पाचही चाकं दर आठ हजार किलोमीटरला फिरवून लावायची, स्टेपनीसकट, हे काकांशी ठरलंय. म्हणजे दिवाळीच्या आसपास. त्याआधी पाऊस उघडला की चढावर अजून अर्धा ब्रास तुकडा टाकायचाय. दुसऱ्या पऱ्ह्याच्या वरचा भाग पाण्याने धुऊन नेलाय. खाणवाल्याला सांगून ठेवलंय.